उलटी बाजू

नजर गेली की माणूस दुसऱ्याच्या शब्दावर जगायला लागतो. गोळ्यांच्या दोन पाकिटांतलं रक्तदाबाचं कोणतं आणि साखरेचं कोणतं, हे सून सांगेल ते खरं. विजेच्या बिलावरचा आकडा मुलगा वाचेल तो खरा. परभणीच्या बसस्थानकावर समोर लागलेली गाडी गंगाखेडची की जिंतूरची, हे शेजारच्या पोराला विचारायचं, आणि ते पोर मोबाइलमधून मान वर न काढता जे बोलेल त्यावर भरवसा ठेवून पायरीवर पाय टाकायचा. लोक बहुतेक वेळा खरंच सांगतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जन्मभर शाळेत वह्या तपासलेल्या बाईला कुणी काही सांगितलं की स्वतः पडताळून बघायची खोड असते. उत्तर बरोबर आलं एवढ्यानं तिचं भागत नाही, तिला रीतही बघायची असते. ती खोड पुरवायला आता माझ्याकडे एकच जागा उरली आहे. मांडीवरचं क्रोशाचं काम.

मी क्रोशाचं विणते हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला. "दिसत नाही तर जमतं कसं?" जमण्यात फारसं विशेष नाही. लग्नाच्या आधीपासून हाताला वळण आहे. रुखवतातल्या तोरणापासून नातवंडांच्या टोपऱ्यापर्यंत हात चालतच आला आहे. त्यापुढचा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. जमलं ते बरोबर जमलं, हे कळतं कसं?

मला काचबिंदू आहे. आमच्या गल्लीत डोळ्याचा कुठलाही आजार म्हणजे मोतीबिंदू, त्यामुळे "ऑपरेशन करून टाका की एकदाचं" हा सल्ला भाजीवालीपासून पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांनी दिलेला आहे. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून दुसरं बसवलं की माणूस पुन्हा पेपर वाचतो. काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस मरत जाते, आणि मेलेली नस पुन्हा उगवत नाही. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर आत आत येत राहते. तपासणीत एका अर्धगोल भांड्यात तोंड घालून मधल्या ठिपक्याकडे बघत बसायचं आणि आजूबाजूला दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. दिवे तर चमकत असतात, पण बटण दाबायला बोटाला निरोपच येत नाही. पुढे डॉक्टर कागदावरचा काळा झालेला भाग दाखवतात, आणि तो कागदही आपण मधल्या भोकातूनच बघतो. रोज रात्री थेंब घालायचे ते राहिलेलं राखण्यासाठी. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यानं नजरेची तीक्ष्णता आणि नजरेचा घेर, दोन्ही मोजून अंधत्व ठरतं. माझा घेर गेला. मध्यभागी तळहाताएवढासुद्धा नाही असा एक उजेडाचा तुकडा उरला आहे. त्या तुकड्यात क्रोशाचा एक खांब, म्हणजे एक उभा टाका, छान स्वच्छ दिसतो. त्याच्या शेजारचाही दिसतो. ओळ दिसत नाही.

गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या काकूंचं नेमकं उलट आहे. वयामुळे त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला. समोर बघितलं की मधोमध करडा डाग, कडेनं मात्र सगळं दिसतं. दारातून आलेली बाई त्यांना साडीवरून, चालीवरून ओळखू येते. जवळ येऊन समोर बसली की तिचं तोंड नाहीसं होतं. त्यांना ओळ दिसते, खांब दिसत नाही.

दुपारची भांडी झाली की आम्ही दोघी ओट्यावर बसतो. त्या मान जरा वाकडी करून माझ्या कामाकडे कडेच्या नजरेनं बघतात आणि सांगतात, "ह्या अंगाला तिरपं जायलंय बघ, माय." मग मी तो कोपरा नाकाशी नेते आणि एकेक खांब त्या उजेडाच्या तुकड्यातून सरकवत सांगते, "शेवटचा सुटलाय." दोघींचे डोळे जोडले तर एक धड डोळा होईल, अशी आमची जुनी थट्टा आहे. पण एवढं करूनही दोघींपैकी कुणीच डोळ्यावर विश्वास ठेवत नाही. काकू तो कोपरा ओढून घेतात, अंगठ्याच्या नखानं खांबांच्या माथ्यावरून मोजत जातात आणि मगच निकाल देतात. कामाची शेवटची सही बोटाची.

क्रोशात हे शक्य होतं ते त्याच्या घडणीमुळे. दोन सुयांच्या विणकामात ओळीतले सगळे टाके सुईवर उघडे असतात. एक निसटला की तो खाली खाली उसवत जातो, आणि तो कुठवर गेला हे शोधायला नजर लागते. दोन सुयांवर सुरेख विणणारे अंध लोक आहेत, त्यांना माझा नमस्कार. मला मात्र क्रोशाच सोयीचा. इथं कधीही एकच फास उघडा असतो, बाकीचे सगळे आपापल्या जागी बंद झालेले. दारावर कुणी आलं, फोन वाजला, तर काम तसंच टाकून उठता येतं. परत आल्यावर एकच फास शोधायचा, त्यात सेफ्टी पिन अडकवलेली असेल तर तोही शोधायला लागत नाही.

सेफ्टी पिन हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं अवजार. विणकामाच्या पायाच्या साखळ्या घालताना दर वीस साखळ्यांना एक पिन, म्हणजे दीडशेपर्यंत गेल्यावर मध्येच कुणी "चहा ठेवू का?" विचारलं तरी पहिल्यापासून मोजावं लागत नाही. ओळीच्या पहिल्या खांबाला एक पिन, कारण चूक होते ती तिथंच. ओळ संपली की काम उलटं करून वर चढण्यासाठी तीन साखळ्या घालतात. त्या तीन साखळ्या एका खांबाच्या जागी धरायच्या असतात, पण त्या बारीक आणि कडेला अंग चोरून बसलेल्या, त्यामुळे परतीच्या ओळीत त्यांच्यात खांब घालायचा राहून जातो. दर ओळीला एक खांब कमी होतो, आणि रुमाल चौकोनी व्हायच्या ऐवजी समोशासारखा निमुळता होत जातो. डोळस मुलीही शिकताना हीच चूक करतात. त्यांना ती दहा ओळी झाल्यावर एकदम दिसते. आम्हाला ती त्याच ओळीत सापडते, कारण ओळ संपली की मोजल्याशिवाय आम्ही पुढे जातच नाही.

बोटाला काय कळतं याचीही मर्यादा आहे. ब्रेलच्या एका अक्षरातले शेजारचे दोन ठिपके साधारण अडीच मिलिमीटर अंतरावर असतात. लुई ब्रेल लहानपणी वडिलांच्या चामड्याच्या कारखान्यात आरी लागून अंध झाला आणि पुढे तसल्याच टोकदार अवजारानं कागदावर ठिपके उठवून त्यानं सहा ठिपक्यांची लिपी बसवली. म्हातारपणी नजर गेलेल्या बोटांना ती लिपी जड जाते. मध्यम जाड दोऱ्याच्या खांबांची माथी त्या ठिपक्यांहून लांब लांब असतात, शिवाय प्रत्येक माथा वेणीच्या एका पेडासारखा वर आलेला. तिथं आमच्यासारख्यांचं बोटही सहज वाचतं. मुका खांब बुटका, त्याच्याखाली फट नाही; साधा खांब उंच, त्याच्या कमरेला एक आडवा वेढा. उंची, फट आणि वेढा, तिन्ही चिमटीत कळतात.

दोरा मात्र तसा हवा. केसाळ लोकर घेतली की टाके त्या केसांत बुडून जातात. चांगला पिळलेला, गुळगुळीत सुती दोरा असेल तर त्याची वळणं बोटाला साफ लागतात. सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करण्याचा शोध जॉन मर्सर या इंग्रजानं १८४४ मध्ये लावला, पुढे सूत ताणून धरून ती करायला लागल्यावर त्याला रेशमासारखी चकाकी आली. चकाकीचं मला आता काय! पण त्याच प्रक्रियेनं सूत मजबूत आणि गुळगुळीत होतं, हे माझ्या कामाचं. आमच्या जिल्ह्यात काळ्या मातीत कापूस पिकतो. मानवतच्या, सेलूच्या बाजारात हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागते, जिनिंगमध्ये सरकी निघते, गाठी बांधल्या जातात आणि बाहेरगावी जातात. रीळ होऊन सूत परत येतं ते दुकानातून, बाहेरच्या कंपनीचं नाव घेऊन. त्या बाजारातला जुना व्यापारी चिमूटभर कापूस उपटतो, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढतो आणि तंतू किती लांब हे सांगतो. त्याचे डोळे चांगले असतात, तरी निवाडा तो बोटांवरच सोडतो.

आमच्या आज्यांचंही तसंच होतं. गंगाखेड हे जनाबाईंचं गाव, आणि जनाबाई म्हटलं की आधी जातं डोळ्यापुढे येतं. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या त्या संत कवयित्रीला आमच्या बाया अजून घरातली समजतात, ते त्या दळणामुळे. दळायचं ते पहाटे, उजाडायच्या आधी. रॉकेल जाळायचं ते स्वयंपाकाला, दळणाला नाही. अंधारात एका हातानं खुंटा फिरवायचा, दुसऱ्यानं घास टाकायचा, आणि मध्येच पाळूवरचं पीठ चिमटीत घेऊन चोळून बघायचं. जाड आलं तर घास लहान करायचा. दळण बरोबर झालं की नाही हे कुणाला विचारावं लागत नसे, चिमटीतच उत्तर असे. त्या बायांना कुणी अंध म्हटलं नाही, की त्यांच्या हातांचं कौतुक केलं नाही.

आता पैशांचं बघा. रिझर्व्ह बँकेनं अंध लोकांसाठी नोटांवर खुणा केल्या आहेत. शंभराच्या नोटेच्या कडेला चार तिरप्या रेघा, दोनशेच्या चार रेघा आणि त्यांच्यामध्ये दोन गोळे, पाचशेच्या पाच रेघा. कोऱ्या नोटेवर त्या बोटाला लागतात. पण शनिवार बाजारात माझ्या हातात येते ती नोट घामानं, हळदीनं आणि कनवटीनं इतकी मऊ झालेली असते की रेघा केव्हाच मेलेल्या असतात. उरते ती लांबी. शंभराची नोट १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०. रुंदी तिन्हींची ६६. चार-चार मिलिमीटरच्या फरकावर माझा व्यवहार. रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२० ला 'मनी' नावाचं ॲप काढलं, ते नोट कितीची हे बोलून सांगतं. खरी की खोटी हे सांगायची जबाबदारी मात्र ते घेत नाही. शिवाय मागं माणसांची रांग असताना, भाजीवालीसमोर फोन काढून नोटेचा फोटो काढत बसणं बरं दिसत नाही.

त्यावर तोडगा क्रोशाच्या सुईनं निघाला. माझी ॲल्युमिनियमची सुई बरोबर पाचशेच्या नोटेएवढी लांब आहे. तिच्या बुडाकडच्या बाजूला मी दोन ठिकाणी बारीक दोरा घट्ट गुंडाळून गाठ मारली आहे, एक दोनशेच्या मापाची, एक शंभराच्या. नोट सुईवर ताणून धरायची, कड कुठल्या गाठीशी थांबते ते अंगठ्यानं बघायचं. पिशवीत हात घालून हे करता येतं, कुणाला कळतही नाही. भाजीवालीला एवढंच कळतं की ही बाई सुट्टे पैसे मोजून घेते, आणि त्यानंतर तिचाही हिशेब जरा नीट होतो.

डोळ्यानं दिसलेलंही तपासावं लागतं, हे मला काकूंमुळे कळलं. एके काळी त्यांना समोरच्या पांढऱ्या भिंतीवर जाळी दिसायला लागली. कधी चौकटीची, कधी षटकोनी, कधी कडेला कमानी काढलेली. घरच्यांना सांगायची चोरी; डोक्यात फरक पडला म्हणतील, नाहीतर कुणाला तरी आणून लिंबू उतरवतील. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनीच आपणहून विचारलं, "नसलेलं काही दिसतं का?" नजर कमी झाली की काहींच्या बाबतीत मेंदू रिकाम्या जागेत स्वतःची चित्रं भरतो. जिनिव्हाच्या शार्ल बोने या निसर्गशास्त्रज्ञानं १७६० मध्ये आपल्या आजोबांना दिसणारी माणसं, पक्षी, इमारती यांचं वर्णन लिहून ठेवलं. आजोबांची नजर अधू होती, बुद्धी शाबूत होती. या प्रकाराला त्याच बोनेचं नाव आहे, आणि जाळ्या, चौकटी, नक्षी हे त्यातले नेहमीचे देखावे आहेत. काकूंना केवढं हायसं वाटलं! पण डॉक्टरांनी सांगायच्या आधीच त्यांनी आपला इलाज शोधला होता. जाळी दिसली की उठायचं आणि भिंतीला हात लावायचा. हाताला चुन्याची भिंत लागली की भिंतीवरची जाळी खोटी. मांडीवरच्या जाळीला हात लावायचा, ती लागते, म्हणजे ती खरी. "डोळ्याचं काय, ते काय बी दाखवायलेत," असं त्या म्हणतात, आणि पुढच्या खांबाला सुईवर दोरा घेतात.

बोटाला जे कळत नाही ते रंग. तिथं आम्हाला पुन्हा दुसऱ्याच्या शब्दावर यावं लागतं. दुकानदारानं दिलेल्या रिळाला सून गाठी मारलेला दोरा बांधून देते: एक गाठ लाल, दोन गाठी हिरवा, तीन गाठी पिवळा. फोनमधलं ॲप रंग सांगतं, पण ट्यूबलाइटखाली जे मोरपंखी ते उन्हात निळं. म्हणून मी हळूहळू एकरंगी कामाकडे वळले. तोरण पांढरंच. त्यात जे काही करायचं ते उंचसखल टाक्यांनी, फटींनी, कमानींनी. रंगाचा मोह सुटला म्हणणार नाही. ज्याची खात्री आपली आपण करू शकत नाही ते दुसऱ्याला विकू नये, एवढाच त्यात हिशेब.

नवीन नमुने शिकणं ही आणखी एक गंमत. मोबाइलवर क्रोशाचे हजारो व्हिडिओ आहेत, मराठीतही पुष्कळ. त्यातली ताई गोड आवाजात सांगत असते, "आता हे असं घ्यायचं, इथून असं काढायचं, आणि बघा, किती छान दिसतंय!" आम्ही दोघी कान देऊन बसतो आणि असं म्हणजे कसं, इथून म्हणजे कुठून, यावर दुपार जाते. याउलट काकूंच्या माहेरच्या नात्यातल्या एक वृद्ध बाई फोनवरून अख्खा नमुना सांगतात. "पाच साखळ्या, तिसऱ्या घरात एक खांब, त्याच घरात अजून एक, दोन घरं सोड." कानानं ऐकलेलं जसंच्या तसं बोटात उतरतं. क्रोशाचा नमुना मुळात मोजणीच आहे. ती तोंडानं सांगता येते, हे सांगणाऱ्याच्या ध्यानात आलं पाहिजे.

आपल्याकडे दृष्टी नसलेल्या माणसाला थेट देव्हाऱ्यात बसवायची रीत आहे. विदर्भातले गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच अंध झाले आणि चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभरावर ग्रंथांची रचना करून गेले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात, ते त्यांना शोभतं. पण त्यावरून प्रत्येक अंधाला आतला डोळा असतोच, असा एक समज होऊन बसला आहे. आम्हाला आतला डोळा वगैरे काही नाही. आम्हाला सेफ्टी पिन आहे. देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसाच्या कामात कुणी चूक काढत नाही, आणि चूक न काढलेलं काम हे माझ्या लेखी न तपासलेल्या वहीसारखं आहे. त्यावर बरोबरची खूण असली तरी ती कोणी न वाचताच केलेली.

बचत गटाच्या प्रदर्शनात आम्ही एकदा टेबल मांडलं होतं. बाया यायच्या, तोरण हातात घ्यायच्या, "दिसत नाही तरी किती सुंदर केलंय हो!" म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. काहींचा आवाज भरून यायचा. एक-दोघींनी काही न घेता डब्यात पैसे टाकले. काकूंनी ते परत करायला लावले, त्यावरून जरा बोलाचालीही झाली. दुपारी सेलूकडची एक बाई आली. तिनं काकूंचं तोरण उचललं ते आधी उलटं केलं. मागची टोकं कशी दडवली आहेत ते बघितलं, गाठ ओढून बघितली, कमानींवरून नख फिरवत गेली आणि म्हणाली, "मावशी, ह्या तिसऱ्या कमानीत एक खांब जास्ती झालाय. पैसे कमी करा थोडे." काकूंनी तोरण तिच्या हातातून घेतलं, मोजलं, आणि मोजून झाल्यावर म्हणाल्या, "झालाय. पण तुझ्यासारखी मोजणारी कोण येणारंय तुझ्या दारात?" मग दोघींची अशी घासाघीस झाली की बाजूच्या लोणच्याच्या टेबलावरची गिऱ्हाइकं ऐकायला थांबली. काकू एरवी प्रदर्शनातून थकून येतात; त्या दिवशी रिक्षात बसल्यावरही त्यांचं बोलणं थांबेना. दिवसभरात त्यांच्या कामाकडे काम म्हणून बघणारी ती एकटी होती.

म्हणून कधी आमच्यासारख्या बाईच्या हातचं काही घ्यायची वेळ आली, तर एवढं करा. डोळ्यांचं राहू द्या, आधी वस्तू उलटी करा. टोकं नीट दडवली आहेत का बघा, कडेचे खांब मोजा, जरा ताणून बघा. चूक सापडली तर बोट ठेवून दाखवा. आम्ही तिथंच मोजू, आणि झाली असेल तर उसवून देऊ. नसेल झाली तर तसं स्पष्ट सांगू. मग भाव करा, अगदी मनसोक्त करा. फक्त पैसे देताना नोट जरा कडक द्या.